युनियन नको

“युनियन नको!”

आप्पा इतक्या मोठ्याने ओरडले की चिपळूणच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात छताला टांगलेल्या बालद्या किणकिणल्या.

“बाकी काय घालायचा ता घाल. पन युनियन आमच्या गावात येनार न्हाय. मी जिता हाय तवर तर न्हायच न्हाय.”

काउंटरमागचा तरुण बोटांवर सामान मोजत होता. पाइप, सॉकेट, एल्बो म्हणत तीन बोटं दुमडून झाली होती आणि चौथं दुमडताना त्याने नुसतं ‘युनियन’ म्हटलं होतं. ते बोट तसंच अधांतरी राहिलं.

“अहो काका, पण जोडणी करताना ती...”

तेवढ्यात त्याची नजर आप्पांच्या खांद्यावरून मागे आली. मागे मी उभी होते, पदराचा बोळा तोंडात कोंबून हसू दाबत. आमची नजरानजर झाली आणि तो काय बोलत होता ते साफ विसरला.

“बरं,” तो म्हणाला आणि बोट सरळ केलं. “नको तर नको.”

या गोष्टीला आता चाळीसच्या वर वर्षं झाली, तरी ते सरळ झालेलं बोट मला आठवतं. सगळा घोळ त्या बोटाने घातला.

आप्पांनी एवढं का भडकावं, ते सांगते. माझे वडील सोनू शिगवण मुंबईच्या एका गिरणीत जॉबर होते, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. आमच्याच गावच्या खालच्या वाडीतला भागोजी भुवड त्याच खात्यात साचे, म्हणजे माग, चालवायचा आणि युनियनचा पुढारी होता. एकदा संप झाला तेव्हा या भागोजीने गिरणीच्या फाटकावर उभं राहून ‘सोनू जॉबर, हाय हाय’ अशा घोषणा दिल्या. एका गावचा, एका खोलीत राहिलेला, एका ताटात जेवलेला माणूस. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पुढे दोघंही निवृत्त होऊन गावी आले, आप्पा वरच्या वाडीत, भागोजीकाका खालच्या वाडीत, पण अबोला काही निवृत्त झाला नाही. आप्पांचा त्या शब्दावर इतका राग, की रेडिओवर सोव्हिएत युनियनची बातमी लागली तरी ते रेडिओचा कान पिरगाळायचे.

आणि पाइप कशाला, तर आमच्या कुंडवलीला गरम पाण्याचं कुंड आहे. ते वरच्या वाडीच्याही वर, डोंगराच्या कुशीत. गुडघे दुखतात म्हणून लांबलांबून माणसं यायची आणि गुडघे मोडतील अशी चढण चढायची. गावकीने ठरवलं, खाली एसटी थांबते तिथे न्हाणीघर बांधायचं आणि कुंडाचं पाणी तिथवर न्यायचं. न्हाणीघर झालं, साधे लोखंडी पाइप टाकले. पण कुंडातून निघालेलं उकळतं पाणी खाली पोचेपर्यंत थंडगार. वर त्या गंधकाच्या पाण्याने लोखंड असं खाल्लं की पाइपांची चाळण झाली. गावकीचे अध्यक्ष आप्पा. सगळे त्यांना हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने भागोजीकाका हसले.

म्हणून आम्ही चिपळुणात, हरेश्वर घागच्या दुकानात. हरेश्वर म्हणजे तोच काउंटरमागचा तरुण. मिस्त्रीही तोच, मालकही तोच.

“काका, माझा पाइप वेगळा,” तो आप्पांना म्हणाला होता. “आत अस्तर, बाहेर गोधडी.”

“पायपाला गोधडी?”

“आतून सिमेंटचा लेप, म्हणजे गंधक लोखंडाला शिवत नाही. बाहेरून काचेचा कापूस, त्यावर पत्रा. पाण्याला वाटेत थंडी वाजणार नाही. दोन्ही टोकांना आटे पाडलेले. फिरवत फिरवत एकात एक बसवायचे.”

“येकदा बसला की निगनार न्हाय ना?”

“आटे बसले की बसले,” तो म्हणाला, आणि बघितलं मात्र माझ्याकडे.

मग हा माणूस कुंडवलीला माप घ्यायला आला. आठवड्याने पुन्हा आला. मग अजून एकदा आला. कुंडापासून न्हाणीघरापर्यंतचं अंतर काही वाढत नव्हतं, पण याचं समाधान होत नव्हतं. टेपचं एक टोक धरायला माणूस लागतो, आणि वाडीतले सगळे नेमके तेव्हा भाताच्या झोडणीत, म्हणून ते टोक माझ्याकडे आलं. मी टोक धरून पुढे, तो टेप सोडत मागे. मध्ये एवढी लांब टेप, म्हणजे बोलायचं तर ओरडूनच.

“जेवणात काय आवडतं?” तो खालून ओरडला.

“कुळथाची पिठी!” मी वरून ओरडले.

दोन्ही वाड्यांनी ऐकलं. आईने त्या संध्याकाळी पिठीच केली आणि वाढताना म्हणाली, “वने गो, माप किती भरला?”

मला लपवाछपवी जमत नाही. मी सरळ आप्पांपुढे जाऊन उभी राहिले. “मला तो पसंत आहे.”

“कोन?”

“पाइपवाला.”

आप्पा चुलीपाशी बिडी पेटवत होते. ते बिडी कशी पेटवायचे, हे सांगायला हवं. चुलीतला निखारा चिमटीत उचलायचा, बिडीला लावायचा, सावकाश परत ठेवायचा. चहाचं पातेलं फडक्याशिवाय उतरवायचे. त्यांच्या तोंडून कधी ‘ओय’ निघाला नव्हता. एकदा विंचू चावला तर “कोन हाय रे?” एवढंच म्हणाले होते.

“तुजी सोयरीक मुंबयला ठरत्येय,” ते म्हणाले. “ब्यांकेतला मुलगा. पाइप जोडायचा ठरलाय, त्याच्या दुसऱ्या दिवशी पावने येनार.”

“मला बँकेतला नको.”

“नको तर नको” असं म्हणायला आप्पा म्हणजे काही हरेश्वर नव्हे. त्यांनी निखारा चुलीत परत ठेवला. मग म्हणाले, “ज्याला कुंडापासून न्हाणीपतूर पानी गरम आनता येत न्हाय, त्याच्या घरी माजी पोर काय गार जेवनार? आयक. तो पाइप जोडील त्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, न्हाणीत मी हात घालनार. माज्या तोंडातून ओय निघाला तर सोयरीक. न्हाय निघाला तर ब्यांक.”

आईने कपाळावर हात मारला. निखारा हातात धरणाऱ्या माणसाकडून ओय काढायचा! पण मी उड्या मारत गोठ्यात गेले आणि म्हशीला मिठी मारली. अट तर अट, दार किलकिलं झालं होतं.

पाइप जोडायचा दिवस उजाडला. टेम्पो आला, पाइप उतरले, आणि ते पत्र्याचे चकचकीत जाडे सोटे बघून गावात हसू पिकलं. “याला टोपी न्हाय घातलीस?” “पायपाला सर्दी झाली तर काडा कोन देनार?” हरेश्वर सगळ्यांना हसून उत्तर देत होता. त्याला अटीची बातमी मी सकाळीच दिली होती आणि त्याचा चेहरा उजळून परत पडला होता.

“तुझे आप्पा निखारा उचलतात तो कुठल्या हाताने?” त्याने विचारलं.

“उजव्या.”

“मग डावा हात घालायला लावू या?”

“ते डाव्यानेही उचलतात,” मी म्हटलं.

बेत असा होता की कुंडापासून सुरुवात करायची आणि एकेक पाइप फिरवून बसवत खाली न्हाणीघरापर्यंत यायचं. वरच्या वाडीचे गडी पाना घेऊन कामाला लागले. पाइपला सॉकेट, सॉकेटला पाइप, पाणी गळू नये म्हणून आट्यांना ताग गुंडाळायचा, सफेदा फासायचा, आणि हैय्या! मी सगळ्यांना चहा वाटत खालीवर पळत होते आणि प्रत्येक पाइप बसला की मनात म्हणत होते, एक कमी झाला.

पण खालच्या वाडीला हे बघवेना. पाण्याचा मान वरच्या वाडीला, पाइपचा मान वरच्या वाडीला, मग आमची फक्त न्हाणी काय? भागोजीकाकांनी बाह्या सारल्या, टेम्पोतले निम्मे पाइप उतरवून घेतले आणि त्यांच्या माणसांनी न्हाणीघराच्या टोकापासून उलटी जोडणी सुरू केली. हरेश्वर वर कुंडापाशी होता, त्याला पत्ताच नाही. मीच जाऊन सांगितलं, तेही आनंदाने, की आता काम दुप्पट वेगाने होणार.

तो पाना टाकून उभा राहिला. “दोन्हीकडून?”

“हो!”

“अगं बाई,” तो म्हणाला.

मला कळलं नाही की यात अगं बाई काय. तोवर तर शर्यत लागली होती. वरून आरोळी आली की खालून आरोळी. कुणीतरी शिमग्याचा ढोल बाहेर काढला. हरेश्वर मध्ये धावत होता, “अहो थांबा, माझं ऐका,” म्हणत होता, आणि ढोलापुढे त्याचं कोण ऐकतं! दुपार कलली तेव्हा दोन्ही रांगा एका काजूच्या झाडाखाली समोरासमोर आल्या. मध्ये बरोबर एका पाइपाची जागा उरली. एक पाइपही उरला. वाह वा! दोन्ही वाड्यांनी टाळ्या वाजवल्या.

वरच्यांनी तो शेवटचा पाइप उचलून आपल्या सॉकेटात घट्ट बसवला. आता खालच्या सॉकेटात बसवायला तो फिरवला, तर खाली बसू लागला आणि वर सुटू लागला. परत वर आवळला, तर खाली निसटला. वरचे म्हणाले, उजवीकडे फिरवा. खालचे म्हणाले, तुमची उजवी ती आमची डावी. मग दोघांनी एकदम आपापल्या बाजूला फिरवला, तेव्हा पाइप जागच्या जागी थरथरत उभा. इकडे घट्ट, तिकडे सैल. तिकडे घट्ट, इकडे सैल. बारा गडी घामाघूम झाले आणि पाइप काही दोघांचा होईना.

मला हसू आवरेना. माझंच नशीब त्या काजूखाली अडकलेलं, दिवस डोंगराकडे झुकलेला, आणि मी पोट धरून खाली बसलेली. मग एकदम रडू यायला लागलं. दोन्ही एकत्रच चालू होतं.

“एका बाजूचे सगळे पाइप सोडावे लागतील,” हरेश्वर म्हणाला. “आणि परत एका दिशेने जोडत यायचं.”

“मग त्यांचे सोड,” आप्पा म्हणाले.

“आमचा येक आटा पन सुटनार न्हाय,” खालून भागोजीकाका म्हणाले. आप्पांना नव्हे, काजूच्या झाडाला. ते दोघं नेहमी अशीच एखादी तिसरी वस्तू बघून बोलायचे.

“तसंही दिवस मावळेल तोवर,” हरेश्वरने मान खाली घातली. “एक उपाय आहे. युनियन लागेल.”

ढोल थांबला.

“कुटली युनियन?” आप्पांनी डोळे बारीक केले.

“तीच. तुम्ही दुकानात नको म्हणालात ती.” त्याने दोन मुठी समोरासमोर धरल्या. “अहो काका, ती लोखंडाची असते. दोन भाग. एक या पाइपावर बसतो, एक त्या पाइपावर. मध्ये मोठी नट. नट फिरवली की दोघं जवळ येतात. पाइपांपैकी कुणालाच फिरावं लागत नाही. तिला युनियन म्हणतात, त्याला मी काय करू?”

आप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तीस वर्षं ज्या शब्दाला शिव्या दिल्या तो एवढासा लोखंडाचा तुकडा निघाला होता.

“मग मेल्या, तवाच बोलला का न्हायस?”

हरेश्वरने माझ्याकडे पाहिलं. मग आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही वाड्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या किटलीत बघत बसले.

“आता कुटं मिळंल?” आप्पांनी विचारलं.

“चिपळूणची गाडी गेली. पण गावात एक आहे.” हरेश्वरने खालच्या वाडीकडे पाहिलं. “दीड इंचीच. माप घेताना बघितली होती. भागोजीकाकांच्या भातगिरणीत, इंजिनाच्या पाण्याच्या पाइपाला.”

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. भागोजीकाकांनी मिशीवरून सावकाश हात फिरवला. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत गोड क्षण असणार.

आप्पा तिथेच उभे. माघारी फिरतील असं मला वाटलं. मी त्यांच्याजवळ गेले.  त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे, मग सूर्याकडे. आणि पायवाट उतरून खालच्या वाडीच्या माणसांपुढे जाऊन उभे राहिले.

“भागोजी,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या तोंडातून ते नाव निघालं. “तुज्याकडचा ता... जोडायचा... दे.”

“ता म्हंजे काय? नाव असंल ना त्याला?”

“युनियन,” आप्पा पुटपुटले.

“काय? गिरनी चालू हाय, आयकू येत न्हाय.”

भातगिरणी खरोखरच चालू होती, पण ऐकू सगळ्यांना आलं होतं. आप्पांनी छाती भरून श्वास घेतला आणि मुंबईच्या गिरणीच्या फाटकावर कुणी कधी दिली नसेल अशी आरोळी दिली.

“युनियन पायजे!”

“जिंदाबाद!” खालच्या वाडीतल्या चार म्हाताऱ्यांच्या मुठी आपोआप वर गेल्या. सवय मेली नव्हती.

“कोन म्हनतो देनार न्हाय?” भागोजीकाका गरजले.

“घेतल्याशिवाय ऱ्हानार न्हाय!” दोन्ही वाड्या ओरडल्या, ढोल परत सुरू झाला, आणि त्या गदारोळात आप्पांचीही मूठ अर्धी वर गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली. कानाजवळ आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मग त्यांनी कान खाजवला.

भागोजीकाकांनी गिरणी बंद केली. स्वतः युनियन खोलली आणि तेलाने माखलेली तशीच धोतराला पुसत आणली. हरेश्वरने शेवटचा पाइप वर आवळला, खालचं सॉकेट काढलं आणि दोन भाग दोन पाइपांवर चढवले.

“आता एक पाना इकडे, एक तिकडे,” तो म्हणाला. “दोघांनी आपापली बाजू फक्त धरून उभं राहायचं. फिरायचं नाही.”

“ता आमाला जमतं,” भागोजीकाका म्हणाले. “तीस वर्षं तेच केलाव.”

आप्पांनी वरची बाजू धरली, भागोजीकाकांनी खालची. दोघं म्हातारे समोरासमोर, नाकाला नाक लागेल एवढे जवळ, दात आवळून. मध्ये बसून हरेश्वर नट फिरवत होता. नट कुरकुरली आणि ते दोन पाइप बोटबोट जवळ येत चिकटले.

“सोन्या, म्हातारा झालास रे,” भागोजीकाका हळूच म्हणाले.

“तू काय बाळत्यात हायस?” आप्पा म्हणाले.

कुंडाची झडप उघडली. आम्ही सगळे पाइपाच्या कडेने खाली धावत सुटलो. मी सर्वांच्या पुढे, पदर खोचलेला, किटली अजून हातात. न्हाणीघरातला पाइप आधी खोकला, मग गुरगुरला, मग पिवळं पाणी थुंकला, आणि मग भसाभसा पांढऱ्या वाफेचा लोट! गंधकाचा वास, कोंबडीचं अंडं फोडल्यासारखा. मला तर अत्तर वाटला. डोंगरावर सूर्य अजून दोन हात शिल्लक होता.

हौद भरला. आप्पांनी बाही वर सारली आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला.

सगळे हौदावर वाकले. आप्पांच्या कपाळावर घाम, मिशीचं टोक थरथरतंय, पण तोंडाला कडी घातलेली. हरेश्वर डोळे मिटून उभा होता. मी आप्पांच्या ओठांकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा ना, म्हणा ना.

“आप्पा, हात काढा, पोळेल!” शेवटी मीच ओरडले.

त्यांनी हात काढला आणि पटकन खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळला.

“कोमट हाय,” ते म्हणाले.

“कोमट?” भागोजीकाकांनी बेधडक हात घातला. “ओय! ओय ओय ओय! आयला, शिजला हात!”

न्हाणीघर हसून दणाणलं. “आला ओय! आला!” लोक हरेश्वरची पाठ थोपटू लागले.

“अट माज्या ओयची हाय,” आप्पा म्हणाले. “युनियनवाल्याची न्हाय.” आणि ते वळून चढणीला लागले. हसू विझलं. हरेश्वर पाना हातात घेऊन तिथेच बसला. मला त्या क्षणी माझ्या बापाचा इतका राग आला, की वाटेवर दगड दिसला तर उचलीन असं वाटलं.

मी घरी पोचले तेव्हा आप्पा पडवीत एकटे बसले होते. हात अजून पंच्यात. मी पंचा ओढून काढला. हात बोटांपासून कोपरापर्यंत लालबुंद, टरारलेला. आई मागून बघून “अगो बाय माझे” म्हणत खोबरेलाची बाटली घेऊन आली आणि माझ्या हातात देऊन आत गेली.

मी त्यांच्यासमोर बसले. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायलाही मला लाज वाटत नव्हती. ओंजळीत तेल घेतलं. मनात म्हटलं, आता असं चोळते, असं चोळते, की विंचवालाही दया येईल.

“वने,” आप्पा म्हणाले. “उद्याचे पावने आज चिपळुनात उतरनार, त्यांना निरोप धाडायला हवा. भागोजीचा मुलगा जायील सायकलनं.”

मी वर पाहिलं. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. खाली, लांब न्हाणीघरावरून वाफ वर चढत होती, तिकडे बघत होते.

“ओय,” ते हळूच म्हणाले.

मी तेव्हा त्यांच्या हाताला अजून बोटही लावलं नव्हतं.